समानार्थी-विरुद्धार्थीत दोन पर्याय उरतात, तिथेच गुण जातात. काय करावं?

रानवारा_धाराशिव
सरळसेवेची, म्हणजे थेट परीक्षेतून होणाऱ्या सरकारी भरतीची, तयारी चालू आहे. संधी, समास, प्रयोग यांत गुण जात नाहीत. जातात ते समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्प्रचार आणि शब्दसमूहांत (अनेक शब्दांबद्दल एक शब्द). हजार-हजार शब्दांच्या याद्या पाठ केल्या तरी पेपरात नेमका वेगळाच शब्द येतो. चारातले दोन पर्याय उडवता येतात, उरलेल्या दोनांत गाडी अडते. यादी वाढवायची की पद्धत बदलायची? आणि खात्री नसेल तर प्रश्न सोडून द्यायचा का?

फळा_खडू
यादी वाढवू नका, फोडा. समानार्थी शब्दांत विचारले जाणारे बरेचसे शब्द संस्कृतातून आलेले जोडशब्द असतात. ते सुटे करता आले की पाठांतर निम्म्यावर येतं.

पाण्याचे शब्द घ्या: अंबू, नीर, जल, तोय, वारी, पय. शेवटी ‘ज’ आला, म्हणजे ‘तिथे जन्मलेलं’, की कमळ: अंबुज, नीरज, जलज, वारिज. ‘द’ आला, म्हणजे ‘देणारा’, की ढग: अंबुद, नीरद, जलद, तोयद, वारिद, पयोद. ‘धी’ आला, म्हणजे ‘साठवणारा’, की समुद्र: अंबुधी, जलधी, वारिधी, पयोधी. पृथ्वीचंही तसंच. भू आणि मही यांना ‘प’ लागला की राजा (भूप, महीप), ‘धर’ लागला की पर्वत (भूधर, महीधर), ‘रुह’ लागला की झाड (महीरुह). यादीत कधीच न वाचलेला शब्द आला तरी शेपटी बघून अर्थ लागतो.

पण शेपटी नीट वाचा. जलधी म्हणजे समुद्र आणि जलधर म्हणजे ढग. पेपर काढणारे असे दोन शब्द मुद्दाम शेजारी ठेवतात. अनल म्हणजे अग्नी, अनिल म्हणजे वारा. सुत मुलगा, सूत सारथी. अचल पर्वत, अचला पृथ्वी. खग पक्षी, नग पर्वत. तुमचे ‘उरलेले दोन पर्याय’ बहुतेक वेळा याच जातीचे असणार. अशा जोड्यांसाठी वहीत वेगळी पानं ठेवा आणि दोन्ही शब्द एकाच ओळीत लिहा. एक शब्द पान 3 वर आणि दुसरा पान 40 वर असेल तर दोन्ही पाठ असूनही परीक्षेत अदलाबदल होते.

सराव_रोजचा
वरच्या उत्तरात विरुद्धार्थी राहिले, ते मी घेतो.

दोन पर्याय उरले की आधी शब्दाची जात तपासा. विशेषणाला विशेषणच हवं. ‘उदार’च्या विरुद्ध ‘कृपण’ येईल, ‘कृपणता’ येणार नाही. घाईत ही साधी गोष्ट सुटते. मग उपसर्ग बघा: उत्कर्ष-अपकर्ष, उन्नती-अवनती, उपकार-अपकार, अनुकूल-प्रतिकूल, सुलभ-दुर्लभ. सगळ्यात जास्त फसवणारी जागा म्हणजे सगुण आणि सद्गुण. सगुणच्या विरुद्ध निर्गुण, सद्गुणच्या विरुद्ध दुर्गुण, आणि पर्यायांत दोन्ही हजर असतात. प्रश्नातला शब्द अक्षर-अक्षर वाचल्याशिवाय पर्यायांकडे जाऊच नका.

वाक्प्रचारांत शब्दशः अर्थाचा एक पर्याय हमखास पेरलेला असतो. ‘पाण्यात पाहणे’खाली ‘प्रतिबिंब न्याहाळणे’ दिसलं तर ते लगेच खोडा. अर्थ आहे द्वेष करणे. पुढचा सापळा असतो त्याच शब्दाच्या दुसऱ्या वाक्प्रचाराचा अर्थ. पाणी पाजणे म्हणजे पराभव करणे, पाणी सोडणे म्हणजे हक्क सोडणे, पाणी पडणे म्हणजे वाया जाणे, पाणी जोखणे म्हणजे कुवत ओळखणे. म्हणून वाक्प्रचार अक्षरानुक्रमे नाही, तर पाणी, हात, तोंड, डोळा असे गट करून लिहा आणि प्रत्येकापुढे वाक्य लिहा: ‘वाटणीच्या जमिनीवर पाणी सोडलं’, ‘वर्षभराच्या मेहनतीवर पाणी पडलं’. नुसता अर्थ लिहिलेला वाक्प्रचार आठवड्यात विसरतो.

गुणांचा_हिशोब
सोडायचा की नाही, हे जाहिरातीतल्या गुणपद्धतीवर ठरवा. 2023 च्या तलाठी भरतीत 100 प्रश्न, 200 गुण, 2 तास असा पेपर होता, त्यात मराठीचे 25 प्रश्न, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नव्हते. अशा पेपरात एकही प्रश्न कोरा ठेवणं म्हणजे गुण सोडून देणं.

लोकसेवा आयोगाच्या पेपरांत चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी 1/4 कापतात. 2 गुणांचा प्रश्न धरा. चारही पर्याय सारखेच वाटत असताना अंदाज केला तर सरासरी फायदा फक्त 0.125 गुण, म्हणजे नसल्यातच जमा. एक पर्याय नक्की उडाला तर 0.33. दोन उडाले तर 0.75. तेव्हा दोन उरले असतील तर उत्तर द्याच. मात्र ‘उडाला’ म्हणजे कारण सांगून उडाला. ‘ओळखीचा वाटत नाही’ हे कारण नव्हे.

वेळेचंही बघा. 120 मिनिटांत 100 प्रश्न म्हणजे प्रश्नाला 72 सेकंद. शब्दसंग्रहाला 25-30 सेकंदांच्या वर देऊ नका, कारण शब्द जास्त वेळ बघत बसल्याने आठवत नाही. वाचलेला वेळ गणिताला लागतो.

रानवारा_धाराशिव
धन्यवाद सगळ्यांना. दोन शंका. ‘अंबर’ला आकाश आणि वस्त्र दोन्ही अर्थ आहेत, दोन्ही पर्यायांत आले तर? आणि शब्दसमूहांचं काय?

फळा_खडू
दोन्ही आले तर प्रश्न परत वाचा, बहुतेक वेळा ‘समानार्थी नसलेला’ विचारलेलं असतं. कर (हात, किरण), द्विज (ब्राह्मण, पक्षी, दात), पय (पाणी, दूध) यांचंही तेच. प्रश्नात ‘नाही’, ‘नसलेला’, ‘चुकीची जोडी’ असं दिसलं की कच्च्या कागदावर फुली मारून ठेवा.

शब्दसमूहांत घटकच कामाला येतात. मित म्हणजे मोजकं: मितभाषी, मितव्ययी. इच्छा दाखवणारे बरेच शब्द ‘ऊ’कारान्त असतात: जिज्ञासू (जाणून घेऊ इच्छिणारा), मुमुक्षू (मोक्ष इच्छिणारा), पिपासू (तहानलेला). कृतज्ञ उपकार जाणणारा, कृतघ्न विसरणारा. हे दोन्ही एका ओळीत लिहा.

आणि जुने पेपर सोडवताना फक्त बरोबर उत्तर टिपून पुढे जाऊ नका. उरलेल्या तीन पर्यायांचे अर्थही त्याच दिवशी शब्दकोशात बघा. आजचा चुकीचा पर्याय पुढच्या पेपरात प्रश्न म्हणून येतो.