मदत हवी आहे : रात्री व्हीएचएफवर वेरावळ येतं, आमची बोट नाही

हर्णैकर : घरचा व्हीएचएफ (बोटींशी बोलायचा रेडिओ) सेट नवा आहे, दोष नाही. तरी रात्री सोळा नंबरच्या, हाक मारायच्या चॅनलवर गुजरातेतल्या वेरावळच्या बोटींचं गुजराती बोलणं खणखणीत येतं आणि आमच्या तांडेलाची (बोट चालवणाऱ्याची) हाक पोचत नाही. उपाय सांगा, लवकर. बोट उद्या परत निघणार.

बापू : अँटेना किती उंच? बोट किती लांब? कधीपासून? एवढं तरी लिहा.

हर्णैकर : घरावर १६ मीटर, बोटीची काठी ४ मीटर. बोट वीसेक किलोमीटरवर. होळीनंतर सुरू झालं. दिवसा सगळं ठीक.

बापू : अँटेना आणखी उंच करा. आमचा असाच त्रास त्यानेच गेला.

सागरिका : बापू, १६ आणि ४ मीटरला रेडिओ क्षितिज, म्हणजे लहर सरळ पोचायची हद्द, साधारण २५ किमी. बोट त्याच्या आतच आहे.

विजूकाका : हे आयनोस्फियर, वातावरणाचा खूप वरचा, लहरी परतवणारा थर. रात्री शॉर्टवेव्ह लांबून येते तसंच.

सागरिका : नाही काका. सोळा म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्‌झ, त्या लहरी सहसा आयनोस्फियर भेदून वर जातात. हे समुद्रालगतच घडतं. मतलई वाऱ्याबरोबर जमिनीवरची कोरडी, गरम हवा समुद्राच्या दमट हवेवर सरकते. एरवी हवेची अपवर्तनक्षमता (लहर वाकवायची ताकद) उंचीच्या दर किलोमीटरला साधारण ४० एककांनी उतरते. ती दर किलोमीटरला १५७ एककांहून जास्त उतरली की लहर पृथ्वीच्या गोलाईहून जास्त वाकते आणि त्या थरात अडकून शेकडो किलोमीटर जाते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर उन्हाळ्यात अरबस्तानचा किनारा दिसायचा, तो यामुळेच. पावसाळी वारा हवा घुसळतो, मग थर टिकत नाही.

नितीन_प : आमची डिश पावसात बंद पडते. मोठी छत्री घ्यावी का?

हर्णैकर : त्याचा वेगळा धागा काढा हो. माझी बोट जवळ असून का येत नाही?

सागरिका : एफएम रिसीव्हर एका चॅनलवर जोरदार सिग्नल धरतो, कमजोर दबतो. बोटीचा सेट किती वॉटवर असतो?

हर्णैकर : रात्री १ वर. बॅटरी वाचवायला.

सागरिका : हे आधी सांगायचं होतं! २५ वर टाका. हाक लागली की दुसरा वर्किंग चॅनल घ्या, सोळा मोकळा ठेवा.

बापू : तरी अँटेना उंच कराच.

सागरिका : केली तर वेरावळही जोरात येईल, बापू.

विजूकाका : वॉटचं बाजूला राहू द्या, बोटीवर डॅट (संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र) आहे का? त्याचा संदेश थेट उपग्रहाकडे जातो, या थराची अडचण नाही. आणि तटरक्षक दलाचा मदतीचा फोन नंबर १५५४ घरच्यांना पाठ हवा.

हर्णैकर : डॅट आहे, पेटीत तळाशी. आजच काढून केबिनच्या दाराशी लावतो. पण २५ वॉटवर रात्रभर बॅटरी टिकेल?

बापू : बॅटरी किती एएचची (अँपिअर-तासांची)?