प्रस्ताव, ठराव आणि ‘पुरेशी सहमती’

प्रश्न : उत्तर आयर्लंडच्या शांतता वाटाघाटींवरचा लेख मराठीत आणते आहे. ‘मोशन’ला प्रस्ताव म्हणू की ठराव? आणि ‘सफिशियंट कन्सेन्सस’ला सरळ ‘बहुमत’ लिहिलं तर चालेल ना?

उत्तर : मांडतात तो प्रस्ताव, मंजूर होतो तो ठराव. बोलताना आपण सरमिसळ करतो. ‘अविश्वास ठराव’ तर मांडायच्या आधीपासूनच ठराव असतो. पण सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त उघडून पाहा. ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, खाली ‘सर्वानुमते मंजूर’. तिथे ‘ठराव’ शोभतो, कारण लिहीपर्यंत निर्णय झालेला असतो. वाटाघाटींत निम्मे प्रस्ताव मंजूरच होत नाहीत, म्हणून तुमच्या लेखात हा फरक पाळाच.

‘बहुमत’ मात्र कृपा करून लिहू नका, सगळा अर्थच उलटेल. या वाटाघाटींच्या 1996च्या नियमांत ‘सफिशियंट कन्सेन्सस’ म्हणजे पुरेशी सहमती झाली असं म्हणायला तीन कसोट्या होत्या. पाठिंबा देणाऱ्या पक्षांना त्या वर्षीच्या मे महिन्यातल्या निवडणुकीत मिळून स्पष्ट बहुमत हवं, सहभागी पक्षांपैकी निम्म्याहून अधिक त्यांत हवेत, आणि युनियनवादी (ब्रिटनमध्येच राहू पाहणारा) व राष्ट्रवादी (आयर्लंडशी एक होऊ पाहणारा) या दोन्ही समाजांचं वेगवेगळं बहुमत त्यांच्यामागे हवं. जुलै 1997मध्ये सशस्त्र गटांनी शस्त्रं खाली ठेवण्याबाबतचा ब्रिटिश व आयरिश सरकारांचा मसुदा मताला आला, तेव्हा युनियनवाद्यांतले बहुसंख्य विरोधात गेले आणि तो तिथेच पडला. आता इथे ‘बहुमत मिळालं नाही’ लिहिलंत, तर वाचक नुसती डोकी मोजेल. एका समाजाला डावलून पुढे जाता येत नव्हतं, हे त्याला कळणारच नाही.

प्रश्न : मग ‘व्यापक सहमती’?

उत्तर : ऐकायला छान, पण व्यापकला माप नाही. ‘पुरेशी’ म्हटलं की कशासाठी पुरेशी, किती पुरेशी, हा प्रश्न आपोआप येतो, आणि तोच वादाचा मुद्दा असतो. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद संपवण्याच्या वाटाघाटी केम्प्टन पार्कला चालू होत्या. तिथे जुलै 1993मध्ये सर्ववर्णीय निवडणुकीची तारीख, 27 एप्रिल 1994, याच तत्त्वाने ठरली. इंकाथा या झुलू पक्षाचा विरोध होता, तरी सहमती पुरेशी धरली गेली. पुरेशी कशी, म्हणून प्रकरण न्यायालयात गेलं. इंकाथा तिथेही हरला. म्हणून ‘पुरेशी सहमती’च लिहा, आणि पहिल्यांदा शब्द येईल तिथे त्या वाटाघाटींतलं माप एका वाक्यात सांगा.