पीएचडीचा गाईड निवडायचाय : एच-इंडेक्स 58 की 17? (हृदयाची इलेक्ट्रोफिजिऑलॉजी)

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी सांगलीची, बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. केलंय. दोन वर्षांपूर्वी आईचं एट्रियल फिब्रिलेशनसाठी (एएफ, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित धडधड) ॲब्लेशन झालं, म्हणजे शिरेतून कॅथेटर (बारीक नळी) हृदयात नेऊन गडबड करणाऱ्या जागा निकामी केल्या. नंतर डॉक्टरांनी हृदयाच्या आतून नोंदलेले सिग्नल दाखवले, तेव्हापासून मला त्याच सिग्नलवर काम करायचंय. आता पीएचडीसाठी दोन ठिकाणांहून होकार आलाय. सरांचा गूगल स्कॉलरवरचा एच-इंडेक्स 58, मॅडमचा 17. बाबा म्हणतात, यात विचारायचं काय? पण मॅडमचे दोन पेपर वाचून मी रात्रभर वहीत आकृत्या काढत बसले होते. या क्षेत्रातल्या माणसाची प्रकाशनांची यादी कशी वाचायची?

ग्रंथपाल
ताई, एच-इंडेक्स हा हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली सुचवलेला आकडा. 17 म्हणजे 17 पेपर असे, की प्रत्येकाचा निदान 17 वेळा संदर्भ दिला गेलाय. वय वाढेल तसा तो वाढतो, म्हणून आधी दोघांचा पहिला पेपर कोणत्या साली आला ते बघा. गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटही (परीक्षण होण्याआधीचे लेख) धरतं, त्यामुळे स्कोपस या निवडक नियतकालिकांच्या डेटाबेसवर आकडा बहुधा लहान दिसतो. आणि आडनाव-आद्याक्षर सारखं असलेल्या भलत्याच माणसाचे पेपर यादीत घुसलेत का, तेही तपासा. हे फार वेळा होतं.

ईपी_लॅब_पुणे
मी 19 वर्षं ईपी (इलेक्ट्रोफिजिऑलॉजी) लॅबमध्ये मॅपिंगच्या, म्हणजे हृदयातल्या विद्युत सिग्नलचा नकाशा काढायच्या मशीनवर बसतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या कामाची दिशा ज्या पेपरने बदलली तो बोर्दोच्या मिशेल हायसागेर आणि सहकाऱ्यांचा, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, 1998. रुग्ण किती? फक्त 45. तोवर शस्त्रक्रियेतल्या छेदांची नक्कल करत कॅथेटरने अलिंदात (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) जाळून लांबलचक रेषा ओढायचे प्रयत्न चालले होते. या मंडळींनी एएफ सुरू कुठून होतं ते शोधलं. 69 ठिकाणं सापडली, त्यांतली 65 पल्मनरी व्हेनमध्ये, आत 2 ते 4 सेंटीमीटरवर. फुप्फुसातून रक्त आणणाऱ्या शिरा, तिथे कोण बघायला जात होतं! आज या शिरा विलग करणं, म्हणजे तिथले विद्युत सिग्नल अलिंदात येऊ न देणं, हाच एएफच्या ॲब्लेशनचा पाया आहे. तुमच्या आईंचंही बहुधा तेच केलं असेल. हृदयाची लय बिघडून अचानक मृत्यू ओढवू शकणाऱ्या एका आजारावरचा ब्रुगाडा बंधूंचा 1992 चा पेपर तर 8 रुग्णांवरचा, आणि आज तो आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

आता दुसरी बाजू. 2004 मध्ये 121 रुग्णांवरचा एक पेपर आला : अलिंदात जिथे सिग्नल तुटक-विस्कळीत दिसतात, तिथे ॲब्लेशन करा. संदर्भांचा नुसता पाऊस पडला. आम्हीही तासन्‌तास ते सिग्नल हुडकत बसायचो. मग 2015 मध्ये स्टार एएफ-2 चाचणी आली, सततचं एएफ असलेले 589 रुग्ण. दीड वर्षानंतर नुसत्या शिरा विलग केलेल्यांपैकी 59 टक्के एएफमुक्त, तुटक सिग्नलही जाळलेल्यांपैकी 49. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही, पण जादा जाळून फायदा नाही हे पुरतं कळलं. या चाचणीनंतरही 2004 चा पेपर संदर्भात येत राहिला, कारण तो खोडून काढणाऱ्यालाही त्याचं नाव घ्यावंच लागतं. मोजणीत तो संदर्भ तसाच एकाने वाढतो.

आणि मार्गदर्शक सूचनांचे दस्तऐवज वेगळे काढा. एएफ ॲब्लेशनवरचं 2017 चं आंतरराष्ट्रीय सहमतीपत्र घ्या : लेखकांची फौज, आणि तोच मजकूर एकाहून अधिक नियतकालिकांत. त्यात नाव असणं मानाचं आहे, पण त्यावरून तुम्हाला प्रयोगशाळेत रोज कोण शिकवणार ते कळत नाही.

बंगळूरकर
माझी पीएचडी याच विषयात झाली. वैद्यकीय पेपरमध्ये पहिलं नाव बहुधा काम करणाऱ्याचं, शेवटचं गाईडचं. सरांचं नाव शेवटी असलेले गेल्या पाच वर्षांतले पेपर काढ, त्यांतली पहिली नावं लिहून घे, आणि ती मुलं आज कुठे आहेत ते शोध. माझ्या पहिल्या गाईडची यादी डोळे दिपवणारी होती. वर्षभरात दोनदा भेट झाली. मी गाईड बदलला, त्यात दीड वर्ष गेलं.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दोन्ही याद्या वहीत उतरवल्या. सरांच्या सर्वाधिक संदर्भ मिळालेल्या 10 पेपरांतले 6 सहमतीपत्रं आणि सूचना. पण त्यांचा एक जुना, त्यांनी स्वतः पहिल्या नावाने लिहिलेला पेपर खरोखर सुंदर आहे, तो आधी नजरेतूनच सुटला होता. मॅडमचा पहिला पेपर 2014 चा. त्यांच्या चार विद्यार्थ्यांपैकी तिघं याच क्षेत्रात आहेत. त्यांतल्या दोघींना मेल टाकलाय. सरांच्या एका विद्यार्थ्यालाही विचारलंय.

ईपी लॅबवाले दादा, एक विचारू? मॅडमचं काम त्याच तुटक सिग्नलवर आहे. त्यातला कुठला भाग व्रणामुळे आणि कुठला शेजारच्या ऊतींचा प्रतिध्वनी, हे वेगळं काढणं. 2015 नंतर लॅबमध्ये याची गरज उरली आहे का?

ईपी_लॅब_पुणे
उरली आहे. गेल्याच आठवड्यात एका केसमध्ये आम्ही चाळीस मिनिटं याच प्रश्नावर अडलो होतो. व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियाच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणाऱ्या वेगवान धडधडीच्या) केसमध्ये तर रोजच अडतो. मॅडमच्या त्या दोन पेपरांची नावं इथे टाका, आमच्या डॉक्टरांना दाखवतो.