मदत हवी आहे : ई-लॉकरचं वायरिंग, फोर-लो सिग्नल आणि डायोड

माझ्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या मागच्या ॲक्सलमध्ये इलेक्ट्रॉनिक लॉकिंग डिफरन्शियल (ई-लॉकर, म्हणजे दोन्ही मागची चाकं एकत्रच फिरवणारं) बसवलंय. लॉकर फक्त फोर-लोमध्येच (चारही चाकांना ताकद देणारा हळू गिअर) लागावा, पक्क्या रस्त्यावर चुकूनही नको, ही माझी अट आहे.

आत्ताची जोडणी अशी : बॅटरी, फ्यूज, रिलेची (विजेवर चालणारा स्विच) ३० नंबरची पिन, मग ८७ वरून लॉकरची कॉइल. रिलेच्या कॉइलच्या पिना ८६ आणि ८५ : ८६ ला डॅशवरच्या स्विचमधून इग्निशनचा प्लस. ८५ ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) फोर-लो सेन्सरच्या वायरला. फोर-लो टाकलं की ती वायर ग्राउंड होते. लॉकर व्यवस्थित लागतो, सुटतो.

अडचण वेगळीच. टू-व्हील ड्राइव्हमध्ये, स्विच बंद असतानाही त्यातला एलईडी मंद पेटतो. सेन्सरच्या त्याच वायरवर मीटरमधला फोर-लोचा दिवा आहे. त्या दिव्यातून करंट रिलेच्या कॉइलमार्गे उलटा स्विचकडे जातोय, असा माझा तर्क आहे. ८५ आणि सेन्सर यांच्यामध्ये १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा), त्यावरची पट्टी सेन्सरकडे, एवढ्याने भागेल ना?

आणि मुख्य काळजी ईसीयूची, म्हणजे गाडीच्या कंप्युटरची. तोही हाच सिग्नल वाचत असेल तर वायरला हात न लावता फोर-लोच्या लिव्हरवर वेगळा स्विच बसवावा का? लॉकरच्या कॉइलला समांतर डायोडही टाकणार आहे, स्विच बंद करताना उठणारा व्होल्टेजचा झटका रिलेचे पॉइंट खातो म्हणून. कोणी प्रत्यक्ष असं केलं असेल तर जोडणीचं चित्र टाका, प्लीज.