अपघातांच्या राष्ट्रीय आकडेवारीतलं 'अतिवेग' हे कारण कितपत धरायचं?

ऐरोली_सेक्टर८
मी संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अपघात अहवाल घेतलाय. त्या वर्षी देशात ४,६१,३१२ अपघात झाले, १,६८,४९१ माणसं गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. कारणांच्या तक्त्यात ७२ टक्क्यांहून जास्त अपघात एकट्या 'अतिवेग' या रकान्यात आहेत. दारू, सिग्नल तोडणं, मोबाइल हे सगळं त्यापुढे किरकोळ दिसतं. शिवाय सुमारे दोन तृतीयांश अपघात सरळ रस्त्यावर आणि चारातले तीन स्वच्छ हवामानात. मग खड्डे, वळणं, पाऊस यांचा वाटा कमी, असं लिहायचं का? माझा भाऊ रोज बाइकने घोडबंदर रोडने जातो, त्यामुळे हे मला अजिबात पटत नाही. पण सर म्हणतात, आकडे सांगतात तेच लिही.

निवृत्त_हवालदार_ठाणे
मुली, सरांचा मान राखून सांगतो, तो रकाना कसा भरला जातो ते आधी समजून घे. माझी बरीच नोकरी अपघाताचे गुन्हे दाखल करण्यात गेली. फिर्यादीत एक वाक्य ठरलेलं असतं: 'आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने, रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून चालवून…' कारण कलमाला तेच लागतं. आधी भादंवि २७९ आणि ३०४ अ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं २८१ आणि १०६ आहे. कुणाची तरी हयगय दाखवल्याशिवाय गुन्हा उभा राहत नाही. पुढे तक्ता भरताना फिर्यादीतला 'भरधाव' अतिवेगाच्या रकान्यात जातो. वेग मोजलेला असतोच असं नाही. आमच्याकडे टेप असायची, ब्रेकची खूण मोजायचो, पंच उभे करायचो, कच्चा नकाशा काढायचो.

घोडबंदरवरचा नेहमीचा प्रकार सांगतो. संध्याकाळी पाऊस पडून गेलेला, खड्डा पाण्याने भरलेला. बाइकवाल्याला तो ऐन वेळी दिसतो, तो उजवीकडे घेतो आणि मागून डंपर येतो. आम्ही पोचेपर्यंत पाऊस थांबलेला असतो, म्हणजे हवामान स्वच्छ. रस्ता डांबरी, सरळ. आरोपी डंपरचालक, कारण अतिवेग. दुसऱ्या दिवशी त्या खड्ड्यात पेव्हर ब्लॉक टाकलेले दिसतात. पंचनाम्यात खड्डा लिहिला तर राहतो, नाहीतर तोही जातो. बाइकवाला एकटाच पडून गेला तर कधी कधी गुन्हा मेलेल्या माणसावरच लागतो. त्याच्या बायकोला ते सांगायला मी गेलो आहे.

म्हणून वेग खोटा आहे असं मात्र लिहू नकोस. पाम बीच रोडवर रात्री गाड्या कशा सुटतात ते सगळ्या नवी मुंबईने पाहिलंय, आणि धडकेच्या वेळचा वेगच माणूस वाचतो की जातो ते ठरवतो. एवढंच लिही की त्या रकान्यात कारणापेक्षा दोष नोंदला जातो.

कळवा_कॅज्युअल्टी_सिस्टर
माझं म्हणणं, कारणं बाजूला ठेव आणि कोण मेलं ते बघ. तो आकडा जास्त भरवशाचा आहे. २०२२ च्या मृतांमध्ये दुचाकीवरचे ४४.५ टक्के आणि पायी चालणारे १९.५ टक्के. दोन्ही मिळून ६४ टक्के झाले. हेल्मेट नव्हतं अशी नोंद असलेले मृत ५०,०२९, त्यातले १४,३३७ मागे बसलेले. आमच्याकडे मागच्या सीटवरून आलेल्या बायका बघशील तर डोक्याला साधा ओढणीचा फेटा असतो.

जखमींच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नकोस. हात मोडलेला मुलगा येतो, नातेवाईक म्हणतात, 'सिस्टर, घरी पडला असं लिहा, पोलिसांची भानगड नको.' आम्ही एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, करतोच, पण जे गल्लीतल्या दवाखान्यात प्लास्टर घालून घरी गेले ते कुठेच नाहीत. आणि मृत्यू धरताना अपघातानंतर ३० दिवसांपर्यंतचे धरतात. चाळिसाव्या दिवशी आयसीयूत गेलेला पेशंट त्या अहवालात जखमीच राहतो.

ऐरोली_सेक्टर८
काका, सिस्टर, मनापासून आभार. आता राज्यांचा तक्ता वेगळाच दिसायला लागला. सर्वांत जास्त अपघात तमिळनाडूत, ६४,१०५, मृत्यू १७,८८४. उत्तर प्रदेशात अपघात ४१,७४६ आणि मृत्यू २२,५९५, देशात सर्वांत जास्त. म्हणजे शंभर अपघातांमागे तमिळनाडूत २८ जातात आणि उत्तर प्रदेशात ५४. आपल्याकडे ३३,३८३ अपघात आणि १५,२२४ मृत्यू, म्हणजे जवळजवळ ४६. हा फरक रस्त्यांचा की नोंदीचा?

खारघर_आकडेमोड
दोन्हींचा, आणि या तक्त्यातून ते वेगळं करता येणार नाही. किरकोळ अपघात जिथे इमानदारीने नोंदले जातात तिथे भागाकार खाली येतो. दवाखाना लांब असेल तर तो वर जातो. म्हणून 'तमिळनाडू धोकादायक' असं लिहू नका. त्यापेक्षा राष्ट्रीय महामार्ग बघा: देशातल्या रस्त्यांच्या लांबीत वाटा जेमतेम २ टक्के, मृत्यूंमध्ये ३६. अर्थात त्यांच्यावर वाहतूकही कितीतरी पट जास्त, त्यामुळे लांबीने भागलं की काम झालं असंही नाही. वाहन-किलोमीटर, म्हणजे सगळ्या वाहनांनी मिळून कापलेलं अंतर, मिळाले तर त्यांनी भागा. आणि २०२० चे १,३१,७१४ मृत्यू घेऊन 'घट झाली' असा आलेख काढू नका. ते लॉकडाऊनचं वर्ष आहे. २०२३ मध्ये आकडा १,७२,८९० वर गेला.

ऐरोली_सेक्टर८
मग ठाणे-नवी मुंबईपुरतं काम करायचं तर कुठला डेटा मागू?

निवृत्त_हवालदार_ठाणे
ठिकाणाचा. आता जागेवरच मोबाइलवर 'आयरॅड' ॲपमध्ये नोंद होते, त्यात जीपीएस असतं. महाराष्ट्र सुरुवातीच्या सहा राज्यांत होता. वाहतूक शाखेकडे रीतसर अर्ज कर, नावं-नंबर वगळून ठिकाण, वेळ, वाहनाचा प्रकार आणि मयत-जखमी एवढंच माग. राष्ट्रीय महामार्गावर ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० मृत्यू झाले, की तो ब्लॅक स्पॉट. तोच निकष लावून नकाशा काढ. मग एकेका पट्ट्यावर रात्री आठच्या सुमारास स्वतः जाऊन उभी राहा, भावाला सोबत घे. दिवा बंद आहे का, दुभाजक कुठे तोडलाय, ट्रेलर कुठे उभे करतात, बसमधून उतरलेली माणसं कुठून रस्ता ओलांडतात, हे लिहून घे. उरणकडच्या रस्त्यावर उभ्या ट्रेलरला मागून धडकलेल्या बाइकचं कारण रकान्यात काय लिहिलंय, तेही तपास. प्रोजेक्टमध्ये दोन्ही शेजारी-शेजारी छाप आणि एक प्रत वाहतूक शाखेला नेऊन दे.