शेतकऱ्याच्या ड्रोनला नंबर, सरकारी ड्रोनला जाब कोण विचारणार?

येळ्ळूरचा बासमती (धागाकर्ता)
परवा मेव्हण्याच्या उसावर फवारणीसाठी ड्रोनवाल्याला बोलावलं. शेत बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या अंगाला. पोरगं आलं, दहा लिटरची टाकी भरली, मग मोबाईलवर नकाशा उघडला आणि मान हलवली. "काका, लाल पट्ट्यात येतंय. उडवलं तर माझं सर्टिफिकेट जाईल." औषध परत कॅनमध्ये ओतलं, येण्याजाण्याच्या पेट्रोलचे पैसे घेतले आणि गेला. मेव्हणा पाठीवर पंप अडकवून उसात शिरला. संध्याकाळी बाहेर आला तेव्हा पात्यांनी हात सोलून निघाले होते.

२०२१च्या ड्रोन नियमांत विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत मोकळीक आहे, त्याच्या आत नाही. असू दे. पण हे नियम सैन्यदलांच्या ड्रोनला लागूच नाहीत. पोलिस आणि सर्वेवाल्यांचे ड्रोन नियमात येतात, पण त्यांनी टिपलेली चित्रं कुठं जातात, किती दिवस राहतात, हे नियम विचारतच नाहीत. मेव्हण्याला जेवढे प्रश्न विचारता, तेवढे त्यांनाही विचारा, एवढंच माझं म्हणणं.

माजी सुभेदार
मी मराठा लाईट इन्फंट्रीत २४ वर्षं काढली, त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं धरा. २७ जून २०२१ला जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनमधून दोन स्फोट झाले. आपल्या सांबऱ्यालाही हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि धावपट्टी तिथंच. पहाऱ्यावरच्या पोराला लांबून कसं कळायचं की टाकीत कीटकनाशक आहे की आणखी काही? तुमच्या मेव्हण्याचे हात सोलले याचं वाईट वाटतं, पण नियम बरोबर आहे.

आणि सैन्याला कोणी विचारत नाही हे खोटं. खर्चाला कॅगचं ऑडिट असतं, संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती असते. सगळं चव्हाट्यावर मांडलं म्हणजेच जाब दिला असं नसतं.

कोर्ट रोडचा वकील
सुभेदारसाहेब, कॅग हिशेब बघतं. शेतात पडलेल्या ड्रोनचं काय? २० ऑगस्ट २०२३ला डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेचं तापस हे बिनपायलटचं विमान चाचणी चालू असताना चित्रदुर्ग जिल्ह्यात हिरियूरजवळच्या शेतात कोसळलं. कोणाला इजा झाली नाही, नशीब. पण त्या शेतकऱ्यानं चौकशीचा अहवाल मागितला तर? डीआरडीओ माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे आरोप सोडले तर कलम २४ खाली दार बंद.

दुसरं, नागरी ड्रोनचं. मार्च २०२१च्या नियमांत चित्रण करताना माणसाचा खासगीपणा जपा असं स्पष्ट होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नवे, सुटसुटीत नियम आले आणि ते कलम गळालं. सुप्रीम कोर्टानं खासगीपणा मूलभूत हक्क ठरवून तेव्हा चारच वर्षं झाली होती.

वेदगंगेकाठ
वकीलसाहेब, सुटसुटीत केलं ते बरंच केलं. ऑगस्ट २०१९ला यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी आलं तेव्हा आम्ही निपाणीकर बघत बसलो होतो. अशा वेळी पोरांनी ड्रोन उडवून कुठल्या वस्तीत माणसं छपरावर आहेत ते दाखवायचं, की आधी परवानगीचा अर्ज भरायचा? आणखी चार कलमं घाला, म्हणजे पुराचं पाणी ओसरल्यावर परवाना हातात येईल.

लग्नाचा शूटिंगवाला
काय सांगूलालास गा! पुरात कोण अडवतंय? अडवतात ते आमच्यासारख्यांना. २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, हे मी प्रत्येक बंदोबस्तात पाठ म्हणून दाखवतो. गणपती विसर्जनाला माझा बॅगेतच राहतो, वर पोलिसांचा घिरट्या घालत असतो. माझी क्लिप नवरीच्या घरी जाते. त्याची कुठं जाते?

माजी सुभेदार
गर्दीत चेंगराचेंगरी झाली तर पहिली बोंब तूच मारशील, बंदोबस्त कुठं होता म्हणून.

गावठाण ३
तुम्ही मिरवणुकीवर भांडा. आमच्याकडं ड्रोननं थेट घराची हद्द ठरवली. स्वामित्व योजना, केंद्राची, २०२०ची. गावठाणातल्या घरांची मोजणी वरून फोटो काढून होते, त्यासाठी आधी प्रत्येक घराच्या कोपऱ्यांवर चुन्याची फक्की मारतात. वरून दिसतो तो चुना. शेजाऱ्याशी सामाईक भिंत दिसत नाही, तोंडी वाटणी दिसत नाही, आजोबांनी गुरांसाठी सोडलेली वाट तर नाहीच नाही.

आमच्या परसात फक्की मारली त्या रात्री वळीव झाला. सकाळी आईनं, बिचारीनं, आपल्या अंदाजानं राखेनं रेघ ओढली. दुपारी ड्रोन येऊन गेला. नंतर आलेल्या कागदावर आमचं परस हातभर शेजाऱ्याकडं. हरकतीची मुदत नोटिशीत होती म्हणे, पण नोटीस कन्नडमध्ये, पंचायतीच्या फळ्यावर. आईला मराठीच वाचता येतं, तेही चष्मा असला तर.

येळ्ळूरचा बासमती
राखेची रेघ! यावर वेगळा धागा काढा हो.

माजी सुभेदार
हे मात्र चूक. तळाच्या सुरक्षेशी याचा काडीचा संबंध नाही, तो फोटो घरमालकाला दाखवायलाच हवा. आणि खरं सांगायचं तर सैन्यातही आधी नीट तपासलं असतं तर बरं झालं असतं. चिनी सुटे भाग निघाले म्हणून ४०० ड्रोनचे करार २०२५च्या सुरुवातीला रद्द करावे लागले. कोणीतरी तपासलं म्हणूनच सापडलं, हेही धरा.

कोर्ट रोडचा वकील
करार झाल्यावर तपासणं म्हणजे वरातीमागून घोडं, साहेब.

वेदगंगेकाठ
घोडं आलं तरी! आमच्याकडं वरातच वाहून जाते.

कोर्ट रोडचा वकील
गावठाण ३, माहिती अधिकारात मागा. उड्डाणाची तारीख, तुमच्या घराचा मूळ फोटो, हद्द कोणी आखली त्याची नोंद. सर्वेला कलम २४चा आडोसा नाही. दहा रुपये फी. फक्त एक अडचण: अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असं कायद्यात आहे. आपल्याकडं मराठी त्यात बसत नाही.

गावठाण ३
म्हणजे आईची तक्रार आईला वाचता येणार नाही अशा भाषेत लिहायची.

माजी सुभेदार
माझं कन्नड बरं आहे. रविवारी कागद घेऊन या, मी लिहून देतो. आईंनाही आणा, रेघ कुठं ओढली होती ते त्यांनाच विचारून लिहू.