शब्दचर्चा : अभिगम्य, सुगम्य, सुलभ… नेमकं कोणतं?

रावेरकर

आमच्या शेतकरी संस्थेचं संकेतस्थळ नव्यानं बनतंय. केळीचे रोजचे भाव, सभासदांची खाती, खताची नोंदणी असं सगळं त्यावर येणार आहे. बनवणाऱ्या पोरानं पानाच्या तळाला एक दुवा ठेवलाय, ‘अभिगम्यता विधान’. संचालक मंडळात तो वाचल्याबरोबर एक आप्पा म्हणाले, “हे कोनतं विधान? आमदारानं केलेलं का?”

अ‍ॅक्सेसिबिलिटीला मराठीत काय म्हणावं? (म्हणजे दिसत-ऐकत नसलं तरी संकेतस्थळ कोणालाही वापरता येणं.) शोधल्यावर अभिगम्यता, सुगम्यता, सुलभता, प्रवेशयोग्यता असे चार शब्द हाती लागले. चारही एकच का?

धुळेकर मास्तर

एकच नाहीत. ‘सुलभ’ लभ् धातूवरून, म्हणजे सहज मिळणारं. ‘सुगम’ गम् वरून, जिथं सहज जाता येतं ते. तिसरा ‘सुकर’, करायला सोपं. (तो लिहिताना सु ऱ्हस्वच ठेवा. दीर्घ केलात तर डुक्कर होईल.)

गोम आहे ती ‘गम्य’मध्ये. संस्कृतात जाण्याचे धातू जाणण्याच्या अर्थानंही चालतात. मराठीनं त्यातला दुसरा अर्थ जास्त उचलला. ‘त्याचं बोलणं अगम्य आहे’ असं आपण सर्रास म्हणतो, ‘ही वाट अगम्य आहे’ असं क्वचितच. त्यामुळे ‘सुगम्य’ कानावर पडलं की मराठी माणसाला ‘समजायला सोपं’ असं वाटतं. सरकारी वापरात मात्र तो ‘पोचता येण्याजोगं’ या अर्थानं रुळलाय. केंद्राचं सुगम्य भारत अभियान ३ डिसेंबर २०१५ ला सुरू झालं, त्यात इमारती, वाहतूक आणि माहिती-तंत्रज्ञान तिन्ही धरलेत. ‘अभिगम्यता’ हिंदी सरकारी कागदांत जास्त भेटतो. शब्द चुकीचा नाही, पण आप्पांची शंकाही रास्त आहे.

मला विचाराल तर ‘सुगम’ घ्या. त्याचा उलट शब्द, दुर्गम, आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे.

शहाद्याची

मास्तर, दुर्गम तर आमच्या घरचाच शब्द! धडगाव-अक्कलकुव्याचं नाव त्याच्याशिवाय छापूनच येत नाही. शिक्षकांच्या बदल्या निघाल्या की घरोघरी सुगम-दुर्गमचीच चर्चा. त्या हिशेबानं सुगम म्हणजे जिथं एसटी जाते ते गाव.

तरी शब्द मला आवडला. दुर्गम म्हणताना आपण रस्त्याला नावं ठेवतो, चालणाऱ्याच्या पायांना नाही. ‘सुलभ’ला मात्र माझा विरोध. तो म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे बसस्टँडच्या मागची बाजूच येते.

भुसावळ जंक्शन

मी जन्मापासून पाहू शकत नाही. फोनवर टॉकबॅक आणि कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी साधनं, वापरतो. एनव्हीडीए फुकट मिळतो, बनवणाऱ्या पोराला आजच उतरवून घ्यायला सांगा. स्क्रीन बंद करून आपलंच पान एकदा कानानं ‘बघ’ म्हणावं, शब्दाची निम्मी चर्चा तिथंच मिटेल.

पोचता येणं आणि सोपं असणं या दोन गोष्टी वेगळ्या कशा, ते केळीच्या भावांवरूनच सांगतो. आपल्या भागातल्या एका संकेतस्थळावर रोजचे भाव फोटो म्हणून टाकतात. फलकावर खडूनं लिहायचं, मोबाइलनं फोटो काढायचा आणि चढवायचा. माझा फोन तिथं येऊन म्हणतो, ‘इमेज’. कधी फाइलचं लांबलचक नाव वाचतो, आकडे आणि अक्षरांची नुसती माळ. मी पोचलोच नाही.

पुढे त्यांनी फोटो काढून तक्ता केला. आता आकडे ऐकू येतात, पण केळीच्या प्रकारांपैकी कोणता भाव नवतीचा, कोणता कांदेबागाचा, पिलबागाचा, वापसीचा, ते रकाने मोजत बसावं लागतं, कारण वरची ओळ नुसती ठळक केलीय, शीर्षक म्हणून नोंदवलेली नाही. म्हणजे पोचलो, पण हाल करून. तीच ओळ नोंदवली की रकाना बदलताना फोन ‘कांदेबाग’ म्हणून मग भाव सांगतो. पाहणाऱ्याला दोन्ही तक्ते अगदी सारखे दिसतात.

दुसरं, दुवे. आम्ही पानावरचे सगळे दुवे एका यादीत काढून ऐकतो, वेळ वाचतो. यादी अशी ऐकू येते : अधिक वाचा, अधिक वाचा, इथे क्लिक करा, अधिक वाचा. सांगा, कुठे जाऊ? ‘खताची नोंदणी करा’ असं लिहिलं तर बिघडतं काय?

तिसरं, पानाची भाषा. ती कोडमध्ये सांगावी लागते, मराठीसाठी ‘एम-आर’. तयार साचा उचलला की तिथं इंग्रजी तशीच राहते. मग वाचणारा आवाज मराठीवर इंग्रजी हेल चढवतो, नाहीतर अक्षरंच गाळतो. हिंदी लावली तर लिपी तीच, पण उच्चार हिंदी वळणाचे. आपला ‘चार’ आणि आपला ‘चाक’, दोन्ही च एकाच मापाचे.

आणि चित्रातली वाकडी अक्षरं ओळखून टाका म्हणणारं ते कोडं. त्याबद्दल इथं लिहिण्यासारखे शब्द माझ्याकडे नाहीत.

अमळनेरकर

माझं डीटीपीचं दुकान आहे, म्हणून एक भर. संस्थेचे जुने अहवाल, पोटनियम, परिपत्रकं जशीच्या तशी चढवू नका. ती बहुतेक कृतिदेव नाहीतर तसल्याच जुन्या फाँटात असतात. त्यात ‘मराठी’ दिसतं ते मराठी नसतंच. आत ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं बसलेली असतात आणि फाँट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. स्क्रीन रीडर मुखवट्याखालचंच वाचणार. गुगललाही ते सापडत नाही, कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं तर कचरा. काय कामनं? सगळं युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलणारी साधनं फुकट मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार नंतर डोळ्यांखालून घालावेच लागतात.

देवनागरीचे आणखी दोन रोग. इंग्रजी मथळ्यासारखी अक्षरं फाकवली की शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. आणि ओळीची उंची इंग्रजीच्या मापानं ठेवली की वरच्या वेलांट्या, खालचे उकार कापले जातात. ‘कूळ’ आणि ‘कुळ’ एकच दिसायला लागतं.

रावेरकर

भुसावळचे भाऊ, तुमचं लिखाण तसंच्या तसं पोराला पाठवलं. पण एक प्रामाणिक शंका. आमच्याकडे पाहू न शकणारा सभासद एखादाच. बाकी सगळे साठीपुढचे, चष्मेवाले. मंडळ विचारणार, एवढा खर्च कोणासाठी?

भुसावळ जंक्शन

चष्मेवाल्यांसाठीच. एप्रिल-मेच्या उन्हात बांधावर उभं राहून फोन बघून पहा. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षर कोणाला दिसतं? मोतीबिंदू झालेल्याला तर सावलीतही नाही. संकेतस्थळं सगळ्यांना वापरता यावीत यासाठी डब्ल्यूसीएजी म्हणून जागतिक निकष आहेत, त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. त्यांच्या मधल्या पातळीनुसार साध्या मजकुराचा रंग आणि मागचा रंग यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ एवढा फरक लागतो, मोठ्या अक्षराला ३ : १. मोजायची साधनं फुकट आहेत. तुमच्या संस्थेचा पिवळा रंग पांढऱ्यावर ठेवलात तर तो या परीक्षेत नापास होणार, आधीच सांगून ठेवतो.

मजकूर दुप्पट मोठा केला तरी पान मोडायला नको, हाही त्यातलाच नियम. माउसशिवाय, नुसत्या कीबोर्डवर सगळं चालायला हवं, हाही.

मंडळाला कायदाच ऐकायचा असेल तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हे राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग धरलं. प्रकरण केवायसीचं, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याचं होतं. कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करा म्हणतात, ती अ‍ॅसिडहल्ल्यात डोळे गेलेल्या माणसानं कशी करायची? तुमच्या सभासदांची खाती ऑनलाइन येणार म्हणता, तेव्हा हे वाचूनच ठेवा.

मास्तर, एक गंमत. या निकषांची चार मूळ तत्त्वं आहेत. मजकूर जाणवला पाहिजे, पान चालवता आलं पाहिजे, समजलं पाहिजे आणि वेगवेगळ्या साधनांवर टिकलं पाहिजे. ‘समजलं पाहिजे’ त्यात आहेच. म्हणजे तुमच्या ‘गम्य’चे दोन्ही अर्थ कामाला आले.

धुळेकर मास्तर

वा! मग मी माझं मत बदलतो. ‘सुगम’पेक्षा ‘सुगम्य’ बरा, त्यात जाणं आणि जाणणं दोन्ही मावतं. सोपेपणाबद्दल वेगळं बोलायचं असेल तर ‘वापरसुलभ’ आहे, शहाद्याच्या ताईंचा बसस्टँड वजा करून. ‘प्रवेशयोग्य’ कॉलेजच्या यादीसाठी सोडून द्या.

शहाद्याची

चला, वजा केला. पण हे सगळे शब्द धोरणाच्या कागदात ठेवा. सभासदाला पानावर ‘सुगम्यता’ कशाला दाखवायची? तिथं काम लिहा. ‘अक्षरं मोठी करा.’ ‘थेट मजकुराकडे जा.’ आणि कृपा करून ‘दिव्यांगांसाठी’ असं बटण करू नका. सत्तरीच्या आमच्या नानांना लांबचं-जवळचं काहीच धड दिसत नाही, पण ते बटण ते मेले तरी दाबणार नाहीत.

भुसावळ जंक्शन

मीही दाबत नाही. बहुतेक ठिकाणी त्यामागे पान वाचून दाखवणारं काहीतरी असतं, आणि माझा फोन आधीच वाचत असतो. मग दोघंही एकदम बोलायला लागतात.

रावेरकर

ठरलं. तळाच्या दुव्याचं नाव : ‘संकेतस्थळ वापरताना अडचण येते? आम्हाला सांगा’. आत फोन नंबर, आणि तो उचलणारा माणूस. धोरणाच्या कागदावर ‘सुगम्यता’.

शेवटचं एक. बरेच सभासद घरी अहिराणी बोलतात, म्हणून पहिल्या पानावर दोन ओळी अहिराणीत हव्यात असा आग्रह आहे. त्या ओळींना भाषा कोणती लावायची?

अमळनेरकर

भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत अहिराणीचा वेगळा कोड आहे, ‘एएचआर’. नियमानं तोच लावायला हवा. पण फोनमध्ये त्या बोलीचा आवाज नसेल तर तो दुसऱ्या कुठल्या आवाजात वाचेल याचा भरवसा नाही. सध्या मराठीच लावा. ‘केयी’ (म्हणजे केळी) लिहिलं तर मराठी आवाज ‘केयी’च म्हणेल, उगाच ळ घालणार नाही.

भुसावळ जंक्शन

आत्ताच फोनवर ऐकून पाहिलं. ‘केयी’ व्यवस्थित म्हणतो. ‘शे’ला (म्हणजे ‘आहे’ला) मात्र हेल शंभराचा देतो.